तारीख तीच, मजकूर वेगळा

मी नेमकं काय करते हे आमच्या मोहल्ल्यात कुणालाच कधी धड कळलं नाही. "ब्लॉग कसे बदलतात ते पाहते," असं मी सांगायचे. समोरच्या घरातल्या काकू एकदा म्हणाल्या, "त्यात काय पाहाचं वं? ज्याचं आहे तो बदलन." तेव्हा मला त्यांचं हसू आलं होतं. पीएच.डी.ला नाव नोंदवलेल्या माणसाला स्वतःच्या विषयाबद्दल जो फाजील अभिमान असतो, तो माझ्यात भरपूर होता.

काम असं होतं. मराठीतले शंभराच्या वर ब्लॉग मी निवडले होते. दर तीन महिन्यांनी त्यांची सगळी पानं उतरवून ठेवायची आणि आधीच्या प्रतीशेजारी नवी प्रत लावून पाहायची. कॉम्प्युटर काढलेल्या ओळी लाल दाखवायचा, घातलेल्या हिरव्या. एका बाईंचा पाककृतींचा ब्लॉग बघता बघता मसाल्याचं दुकान झाला. एक कवी होते, त्यांच्या कवितांखालची "तिच्यासाठी" ही अर्पणं एका तिमाहीत सगळीच्या सगळी गळाली, आणि मी घरबसल्या ओळखलं की घरात काहीतरी बिनसलं आहे. एकाने निवडणुकीआधी लिहिलेलं भविष्य निकालानंतर गुपचूप बरोबर करून घेतलं. अशी माणसं पकडली की मला आनंद व्हायचा, खोटं कशाला बोलू. लोक किती सहज स्वतःला पुसतात आणि पुन्हा लिहितात, आणि त्यांना वाटतं कुणी बघत नाही. मी बघत होते.

या शंभरांत सात ब्लॉग मी वेगळे काढले होते. हे न बदलणारे. बाकीचे किती बदलले हे सांगायचं तर काही तरी स्थिर धरावं लागतं, त्यासाठी हे सात. त्यांतला एक माझ्या सरांचा होता.

सर म्हणजे माझे मार्गदर्शक. पण त्याआधी ते आमच्या घरी यायचे ते बाबांसाठी.

आम्ही विणकर. आजोबांचे तीन माग होते, बाबांचा एक, आणि माझ्या आठवणीत तोही बंद पडून त्याच्यावर गोधड्या ठेवलेल्या. माग बंद झाल्यावर बाबा कापडाच्या दुकानात लागले. गिऱ्हाइकासमोर उलगडलेल्या साड्यांच्या घड्या घालायच्या, हे काम त्यांनी वीस वर्षं केलं. ज्या हातांनी साडी विणली त्यांनीच दुसऱ्याच्या साडीच्या घड्या घालायच्या, हे मला फार लागायचं. बाबांना ते लागत होतं की नाही, हे त्यांनी कधी कळू दिलं नाही. बाबा मुळात बोलायचेच कमी.

ते बोलायला लागले सरांशी. आई जाऊन वर्ष झालं होतं. सरांना नागपुरातल्या जुन्या धंद्यांवर लिहायचं होतं आणि कुणीतरी त्यांना आमचं घर सुचवलं. प्रतापनगरच्या बंगल्यातून ते स्कूटरवर आमच्या गल्लीत येत, इस्त्रीचा शर्ट, पायांत चामड्याची चप्पल, आणि आमच्या सतरंजीवर मांडी घालून बसत. त्यांचं घराणं भोसल्यांच्या काळापासून इथलं, पूर्वज दफ्तरात होते असं ते सांगत. पण वागण्यात ताठा नव्हता. बाबांना "अहो-जाहो" करणारा शिकलेला माणूस मी पहिल्यांदा बघत होते. दोन हिवाळे ते येत राहिले. बाबा बोलत, सर लिहून घेत, मी चहा करत असे आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत असे. आपला बाप इतकं बोलू शकतो हे मला तिथे कळलं.

त्यातून सरांच्या ब्लॉगवर अकरा लेख झाले. प्रत्येकावर बाबांचं नाव, आडनावासकट, आणि खाली बाबांचंच बोलणं, जसंच्या तसं, "मले" आणि "काहून"सकट. सर म्हणायचे, "याला हात लावायचा नाही. हे जसं आहे तसंच राहिलं पाहिजे." मी त्या लेखांच्या छापील प्रती काढून आणल्या. बाबांनी त्या प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये घालून कपाटात ठेवल्या, रेशनकार्डाशेजारी.

सातवा लेख आईचा होता. मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, चढवायच्या आधी सुताला खळ लावून ते गल्लीत लांबलचक ताणून वाळवायचं असतं, त्याला आमच्याकडे पांजण म्हणतात. खळ पातळ झाली की सूत तुटतं, जाड झाली की कापड पुठ्ठ्यासारखं होतं. आमच्या घरची खळ आई करायची. बाबांनी सांगितलेलं असं होतं: "खय जमली का नाही हे माहीच बायको सांगे. बोट बुडवे आन् अंगठ्याले टेकवून उचले. चट असा आवाज आला पाहिजे, लई बारीक. मले कधी आयकू नाही आला. तिले येत होता. तिनं हो म्हटलं का मंग आमी सूत काढो. मोहल्ल्यातले बाकीचे बी तिलेच बलावत." आणि आईचं नाव, माहेरच्या आडनावासकट. बाबांनी ते मुद्दाम सांगितलं होतं.

आईचं नाव तोवर मी तीनच जागी पाहिलं होतं: रेशनकार्डावर, मतदारयादीत आणि मृत्यूच्या दाखल्यावर. चौथी जागा सरांचा ब्लॉग. तिथे ती काहीतरी जाणणारी बाई होती. बाकी तिन्ही ठिकाणी ती फक्त होती, नाहीतर नव्हती.

पुढे मी पीएच.डी.साठी अर्ज केला आणि सरांनी मला घेतलं. माझा विषय ऐकून ते खूश झाले. म्हणाले, "माझाही ब्लॉग घे त्यात. न बदलणाऱ्यांत टाक. तिथे कधी काही हलत नाही." वर एक युक्तीही दिली. जे ब्लॉग स्थिर आहेत त्यांचा मजकूर दरवेळी कशाला ताडायचा? लेखाची तारीख आणि लेखांची यादी पाहायची, ती तशीच असली की झालं. इतका वेळ वाचेल. मला ते पटलं. दर तीन महिन्यांनी मी सातही ब्लॉगांच्या तारखा बघायचे, तक्त्यात "बदल नाही" लिहायचे आणि पुढे जायचे.

आता हे लिहिताना स्वतःलाच चार शब्द सुनावावेसे वाटतात. लेख जुना असला, त्यावर जुनी तारीख असली, आणि आतला मजकूर काल बदलला, तरी वरची तारीख तीच राहते. हे मला माहीत होतं. माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात मी त्यावर पानंच्या पानं लिहिली आहेत. शंभर लोकांवर मी हा नियम लावला आणि ज्यांच्यावर माझा विश्वास होता त्यांना सोडून दिलं.

प्रबंध देण्याआधी विभागात एक सादरीकरण करावं लागतं. त्यात एक बाहेरच्या प्राध्यापिका होत्या. त्यांनी तक्ता बघितला आणि विचारलं, "हे सात बदलले नाहीत म्हणता, ते मजकूर ताडून की नुसत्या तारखा बघून?" मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "मजकूर ताडूनच. मी स्वतः लक्ष घातलंय." बाईंनी मान हलवली. मी खाली बघत बसले. सर माझ्यासाठी खोटं बोलले, किती सांभाळून घेतात, असं मला वाटलं. हे सुद्धा लिहून ठेवते.

पण मनाला रुखरुख लागली. खोटं बोललं गेलंच आहे तर ते आता खरं करून टाकू, अशा विचाराने मी दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाऊन बसले आणि सातही ब्लॉग पूर्ण उतरवले. सहा ठीक होते. एका ठिकाणी कुणीतरी एक फोन नंबर काढला होता, बस. सातवा सरांचा. अर्जाच्या वेळी उतरवलेल्या पहिल्या प्रतीशेजारी मी नवी प्रत लावली आणि पडदा लालेलाल झाला.

पहिल्यांदा वाटलं, चुकीच्या फाइली उघडल्या. पुन्हा लावल्या. अकराही लेखांवरचं बाबांचं नाव लाल होतं. त्याच्या जागी हिरव्यात काहीच नव्हतं. बाबांचं बोलणं लाल. त्याच्या जागी सरांचं बोलणं, छान, शुद्ध, वाचनीय. "मी लहानपणापासून ज्या विणकर वस्तीत वावरलो..." सर त्या वस्तीत पहिल्यांदा आले तेव्हा पत्ता विचारत आले होते. त्यांना गल्लीच्या कोपऱ्यावरून घरी मी आणलं होतं.

सातवा लेख मी शेवटी उघडला. आईचं नाव नव्हतं. खाली असं होतं: "खळीची परीक्षा कारागीर बोटाने करीत. बोट अंगठ्यावरून उचलताना एक अतिशय सूक्ष्म आवाज येतो. तो मी स्वतः ऐकला आहे. पांजणीचं इतर काम मजूर बायका करीत."

मी खुर्चीतून उठले, अंगणात गेले, परत आले. पुन्हा वाचलं. तो मी स्वतः ऐकला आहे. माझ्या बापाला तीस वर्षांच्या संसारात जो आवाज ऐकू आला नाही, तो या माणसाला बंगल्यात बसून ऐकू आला. आणि माझी आई मजूर बायकांत गेली. मला इतका राग आला की रडू येईना. ज्या माणसाच्या पाया पडून मी प्रत्येक प्रकरण दिलं, त्याने माझं घर ओळीओळीने उचलून नेलं होतं, आणि पहाऱ्याला मलाच बसवलं होतं.

माझीच पद्धत आता मला वापरायची होती. इंटरनेटवरच्या जुन्या पानांच्या प्रती साठवणाऱ्या जागा असतात, त्यांत मी सरांचा ब्लॉग शोधला. मधल्या प्रती मिळाल्या. त्यावरून क्रम लागला. बाबांचं नाव सगळ्यात आधी गेलं, माझी पीएच.डी.ची नोंदणी झाली त्याच महिन्यात. मग वर्षभरात हळूहळू बाबांचं बोलणं सरांचं झालं. आई सगळ्यात शेवटी गेली, काही महिन्यांपूर्वी. सरांचं पुस्तक छापायला गेलं तेव्हा. पुस्तक येणार हे मला माहीत होतं. त्याची मुद्रितं मीच प्रेसमध्ये पोचवली होती, बंद पाकिटातून.

बाबा दुपारी घरी होते. मेथी निवडत बसले होते. मी फार विचार न करता सांगून टाकलं. "बाबा, सरांनी तुमचं नाव काढलं. सगळ्या लेखांवरून."

त्यांनी मेथीची काडी मोडली. म्हणाले, "मालूम आहे मले."

मला वाटलं त्यांना नीट कळलं नाही. मी पुन्हा सांगायला लागले तर म्हणाले, "आयकलं वं. ते आले होते घरी. तू कॉलेजात होती. म्हणे, पुस्तक काढून राहिलो, बाहेरच्या माणसाचं नाव आलं का छापणारे घोळ घालतात. कागद आणला होता. मी सही केली."

"काहून केली?"

"तुह्यं नाव लागलं होतं न त्यांच्या हाताखाली. आठ दिस झाले होते."

"मंग मले सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं तं तू भांडली असती."

खरंच भांडले असते. म्हणून त्यांनी सांगितलं नाही, आणि मी तीन वर्षं त्या माणसाला सर, सर करत फिरले. मला त्या क्षणी बाबांचाही संताप आला. स्वतःला विकायचं तर निदान मला विचारायचं. माझ्या डिग्रीची किंमत माझ्या पाठीमागे ठरली आणि दिली गेली, आणि मला वाटत राहिलं मी माझ्या हुशारीवर आत आले.

बाबा मेथी बाजूला सारून म्हणाले, "माह्यं नाव काय, गेलं तं गेलं. पण मी त्याईले एक सांगतलं होतं. म्हटलं, माह्यं काढा, पोरीच्या मायचं राहू द्या. ते तिचं आहे. हो म्हणे. वचन दिलं." मग माझ्याकडे बघून विचारलं, "तिचं आहे न त्यात?"

मी नाही म्हणाले.

ते उठले, हात धुतले, कपाटातून ती प्लॅस्टिकची फाइल काढली, बाहेरचा शर्ट घातला. "चाल," म्हणाले. "स्कूटी काढ."

पूर्व नागपुरातून प्रतापनगरला जायला पाऊण तास लागला. बाबा फाइल पोटाशी धरून मागे बसले होते. मी मात्र मनात सरांना काय काय सुनावायचं ते जुळवत होते, दर सिग्नलला एक वाक्य. सरांच्या फाटकाशी पोचले तेव्हा माझ्याकडे एक अख्खं भाषण तयार होतं. त्यातलं एकही वाक्य वापरलं गेलं नाही.

सरांनी आम्हाला बघून "अरे वा, या या" केलं. पाणी आलं, चहा सांगितला गेला. मी बॅगेतून लाल-हिरवे कागद काढून त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी चष्मा लावून पहिलं पान बघितलं आणि मला वाटलं होतं तसा त्यांचा चेहरा अजिबात पडला नाही.

"हं," ते म्हणाले. "या दुरुस्त्या आहेत. संपादन. बेटा, तू इतकी वर्षं हा अभ्यास करतेस, तुला बदल आणि संपादन यातला फरक कळायला हवा. मूळ बोलणं विस्कळीत होतं. पुस्तकात एक आवाज लागतो. आणि यांच्या संमतीने केलंय सगळं, माझ्याकडे कागद आहे."

"आईचं?" मी म्हटलं. एवढंच निघालं तोंडून.

"ते जरा भावनिक होत होतं गं. तांत्रिक माहितीत व्यक्तीचं नाव आलं की भार कमी होतो."

बाबा खुर्चीच्या टोकाशी बसले होते, फाइल मांडीवर. ते म्हणाले, "सर, माह्यं नाव माह्यं होतं, मी देल्लं तुमाले. तिचं देणारा मी कोण? मी देल्लंच नव्हतं."

आवाज चढवला नव्हता. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलायचे तसेच बोलले. सरांनी चष्मा काढला, पुसला. मग म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. चूक झाली. आत्ता घालतो." आणि खरोखर लॅपटॉप ओढून घेतला. सातवा लेख उघडला, आईचं नाव टाइप केलं, बाबांना विचारून माहेरचं आडनाव बरोबर केलं, बाबांच्या फाइलमधून ती वाक्यं बघून उतरवली, आणि बटण दाबलं. चहा निवायच्या आत झालं. लेखावरची तारीख होती तीच राहिली, सात वर्षांपूर्वीची. हे नाव कधी काढलं होतं आणि कधी घातलं, हे त्या पानावर कुठे म्हणून कळणार नव्हतं.

बाबांनी वाकून पडद्यावर बघितलं, हळूहळू वाचलं आणि म्हणाले, "झालं." मग सरांना हात जोडले. माझ्या बापाने हात जोडलेले मला बघवेनात. पण त्यांच्या चेहऱ्यावर खरंच समाधान होतं. परत येताना ते मागे बसून भावजयीला फोनवर सांगत होते, वाऱ्याने आवाज जातो म्हणून ओरडून, "हो, तिचं नाव! कॉम्पुटरवर! आज टाकून देल्लं, मोठे सर आहेत!"

मी मात्र दुसऱ्या दिवसापासून ते पान रोज उतरवायला लागले. दर तीन महिन्यांनी नाही, रोज सकाळी. बाबांना सांगितलं नाही. आठ दिवस आई होती. नवव्या दिवशी नव्हती. मजूर बायका परत आल्या होत्या आणि आवाज पुन्हा सरांनी ऐकला होता. त्या आठवड्यात पुस्तकाचं प्रकाशन होतं. ब्लॉग आणि पुस्तक जुळायला हवं, एवढंच कारण असणार.

त्याच दिवशी सरांचा फोन आला, नेहमीच्या मायेच्या आवाजात. प्रबंधावर सही कधी हवी ते विचारलं. आणि म्हणाले, "एक सुचवू का? माझा ब्लॉग तुझ्या अभ्यासातून काढून टाक. मार्गदर्शकाचाच ब्लॉग विद्यार्थिनीच्या अभ्यासात असणं बरं दिसत नाही. परीक्षक बोट ठेवतील. सहा स्थिर ब्लॉग पुरेत." म्हणणं अगदी रास्त होतं. कुठल्याही परीक्षकाने हेच सांगितलं असतं. सरांची प्रत्येक गोष्ट अशीच असायची, तिच्यात खोट काढायला जागा नसायची.

या खेपेला मी बाबांपासून लपवलं नाही. एकमेकांपासून लपवूनच आमचं इथवर झालं होतं. संध्याकाळी ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते, त्यांना सांगितलं की नाव पुन्हा काढलं. त्यांनी विचारलं, "तुह्या पुस्तकात लिहिता येते हे? कवा होतं, कवा काढलं, कवा टाकलं?"

"येते. तेच तं काम आहे माह्यं."

"मंग लिही."

"लिहिलं तं सर सही नाही करणार, बाबा."

"नाही केली तं नको करू दे." आणि वर म्हणाले, "माह्या एका सहीनं तुह्यं नाव लागलं. त्याच्या एका सहीनं राहिलं तं राहिलं. तू लिही."

मी हो म्हटलं. आणि त्या रात्रीपर्यंत मला खरंच वाटत होतं की मी लिहीन.

मग दिवस गेले. मी एक पान लिहिलं, तारीखवार, पुराव्यानिशी, माझ्या सगळ्या प्रबंधात इतकं चोख पान दुसरं नाही. ते टाकलं. काढलं. पुन्हा टाकलं. माझं वय चौतीस होतं. नोकरीच्या एका जागेसाठी डिग्री हातात असायला हवी होती. दुसरा मार्गदर्शक मिळायला वर्ष गेलं असतं, आणि मिळाला असता तरी त्याने पहिल्याला फोन करून विचारलंच असतं, ही मुलगी कशी आहे. मी स्वतःला सांगितलं की ब्लॉग वगळणं शास्त्राला धरून आहे. सहा पुरेत. शेवटी ते पान मी काढलं आणि पुढच्या पानांचे आकडे आपोआप सरकून जुळले. सरांनी सही केली. पेढे मीच नेले.

बांधलेली प्रत घरी आणली, काळ्या कापडाची, सोनेरी अक्षरांची. बाबांनी ती दोन्ही हातांत घेतली. कापड आधी बघितलं, उलटं करून, सवयीने. "मिलचं आहे," म्हणाले. मग उघडलं. एवढ्या जाड पुस्तकात कुठे शोधणार ते, पण पहिलीच पानं उलटताना त्यांना सापडलं. ऋणनिर्देशाचं पान. वर सरांचे आभार, सहा ओळी. त्यांच्या अमूल्य मार्गदर्शनाशिवाय वगैरे. आणि सगळ्यात खाली एका ओळीत आईचं नाव, माहेरच्या आडनावासकट, "हिच्या स्मृतीस." ज्या पानावर सगळेच आपल्या आईचं नाव लिहितात आणि जे कुणीच वाचत नाही, ते पान.

बाबांनी आईचं नाव मोठ्याने वाचलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला जवळ घेऊन म्हणाले, "लिहिलं तू. आता छापलं गेलं, आता कोणाच्यानं नाही निंघत." आणि विचारलं, "सगळं लिहिलं न? कवा होतं, कवा काढलं?"

मी हो म्हटलं.